गजकर्णीच्या मुळीचं खरं-खोटं

वंदना,

परवा कॉलेजात तुझी शोकसभा झाली आणि मी ती बिघडवली. हे माझ्याच तोंडून तुला कळावं म्हणून लिहितेय.

स्टेजवर तुझ्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून ठेवला होता, तो ज्यात तू कुणावर तरी खेकसायच्या बेतात दिसतेस. त्याला हार घातला होता. पहिल्या रांगेत तुझी आई, माई, बसली होती, मांडीवर तुझ्या चष्म्याची डबी घेऊन. संस्थेचे एक पदाधिकारी बोलायला उभे राहिले. तुला ते ओळखतही नसावेत, पण आवाज अगदी गहिवरलेला. म्हणाले, "वंदना मॅडमनी आयुष्यभर बुरशीशी झुंज दिली. नियतीचा खेळ पाहा, शेवटी बुरशीनेच त्यांना नेलं. पण जाता जाता आपल्या प्राचीन वनौषधींचं सामर्थ्य त्यांनी जगाला सिद्ध करून दाखवलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या, यार.

मी मागे दाराजवळ उभी होते. आम्ही लॅब असिस्टंट, शिपाई, सगळे तिथेच उभे राहतो. मला बोलायचं नव्हतं. पण तोंडातून निघून गेलं, "सर, दोन्ही चूक आहे."

सगळ्या माना मागे वळल्या. आता थांबण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, "तिला ब्लड कॅन्सर झाला होता. त्याच्या औषधांनी अंगातली ताकद खाली आली, म्हणून फुप्फुसात बुरशी शिरली. यात नियती कुठे आली? आणि तिने काहीही सिद्ध केलेलं नाही. ती स्वतःच सांगायची, मी अर्ध्या वाटेवर आहे म्हणून."

सर हसले, ते लहान मुलांशी बोलताना हसतात तसं. "भावना समजू शकतो, बाई."

"भावना नाही सर, माहिती आहे."

कुणीतरी माझा दंड धरून मला बाहेर काढणार होतं, तेवढ्यात माई उठली. माइक वगैरे काही घेतला नाही. फुटपाथवर भाजी विकताना जो आवाज लावायची ना, तोच. "रजनी बराबर बोलायली. माझ्या लेकीला नियती-बियती चिकटवू नका. तिनं काय पाप केलं नव्हतं. आजारी पडली, गेली. लई शिकली होती, ते सांगा."

मग सभा संपलीच. चहा झाला. कुणी माझ्याशी बोललं नाही. तुला हे सगळं फार आवडलं असतं, आणि नंतर लॅबमध्ये येऊन तू मला झापलंही असतंस: "अर्धी वाट कुठली गं? पाव म्हणायचं होतंस."

आपली खरी ओळख भांडणातून झाली, आठवतं? मुलुंडच्या याच कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आपण एका बाकावर. तू घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीतून यायचीस, मी विक्रोळीच्या चाळीतून. तुमचं घर परभणीकडचं, आमचं कुडाळजवळचं. माईच्या मानेवर आणि दोन्ही हातांवर गजकर्ण पसरलं होतं, लाल कडांची गोल गोल चकंदळं. मेडिकलवाला काही न विचारता एक ट्यूब काढून द्यायचा. दोन दिवसांत खाज थांबायची, माई खूश व्हायची, आणि महिन्याभरात दुप्पट जागेवर परत. त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं, ते खाज दाबतं आणि बुरशीला मात्र मोकळं रान देतं, हे आपल्याला फार नंतर कळलं. तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "आईला रात्रंदिवस खाजतं. गिऱ्हाईक तिच्या हातची भाजी घेत नाही."

मे महिन्यात मी गावाला गेले तेव्हा आईला सांगितलं. ती परसात गेली आणि गजकर्णीचं एक झुडूप उपटून घेऊन आली. त्या रोगावरूनच झाडाला नाव पडलंय. पांढरी बारीक फुलं, पंख पसरलेल्या बगळ्यासारखी. मुळी धुऊन कागदात बांधून दिली आणि म्हणाली, "लिंबाच्या रसात उगाळूक सांग आणि लावूक सांग. आठ दिसांत जाता." मी तो पुडा मुंबईत आणला, जशी काही मीच डॉक्टर.

चौथ्या दिवशी तू वर्गात आलीस आणि तो पुडा माझ्यासमोर बाकावर आपटलास. "घे तुझं गावठी औषध. माझी आई भाजलीय."

माईच्या मानेवर फोड आले होते. नंतर ते फुटून कातडी काळी पडली. मला खूप वाईट वाटलं आणि वाईट वाटलं की मी चिडते, हे तुला तेव्हा माहीत नव्हतं. मी म्हणाले, "आमच्या गावात कुणी भाजत नाही."

"तुमच्या गावात सावली असेल. माझी आई दिवसभर उन्हात बसते."

आठ दिवस आपण एकाच बाकावर बसून बोललो नाही. नवव्या दिवशी तू लायब्ररीतून एक जाडं पुस्तक घेऊन आलीस आणि माझ्यापुढे उघडून ठेवलंस. लिंबाचा रस कातडीवर लावून उन्हात गेलं की कातडी भाजते, असं त्यात दिलं होतं. "मुळीचा दोष नव्हता बहुतेक," तू म्हणालीस. "लिंबाचा होता. पण बहुतेक म्हणतेय हां मी." सॉरी तू म्हणाली नाहीस. मीही नाही. पण त्या दिवशी तू डबा माझ्याकडे सरकवलास, त्यात ज्वारीची भाकरी आणि ठेचा होता, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत मला खाऊ घातलास. मला वाटतं, तू काय करणार हे त्याच आठवड्यात ठरलं. एखाद्या औषधात बरं करणारं काय आणि भाजणारं काय, हे वेगळं काढायचं. सगळ्या गावाने छातीठोक सांगितलं तरी वेगळं काढायचं.

पुढे तू एमएस्सी केलंस, पीएचडी केलीस. मी शेवटच्या वर्षाला नापास झाले, लग्न झालं, आणि ज्या कॉलेजात शिकले तिथेच लॅब असिस्टंट म्हणून चिकटले. मग तू तिथेच शिकवायला आलीस. पहिल्या दिवशी पोरांसमोर मी तुला "मॅडम" म्हटलं, तेव्हा तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. दार लागल्यावर म्हणालीस, "रजे, परत म्हणालीस तर थोबाड फोडीन." मी म्हटलं, "चारचौघांत म्हणणारच. माझी नोकरी आहे ती." ते भांडण आपण शेवटपर्यंत मिटवलं नाही. चार भिंतींत तू रजे म्हणायचीस, वर्गात मी मॅडम म्हणायचे, आणि दर वेळी तुझ्या कपाळाला आठी.

आणि काय काम केलं गं आपण! माझ्या चाळीच्या मागच्या बाजूला रंगाच्या रिकाम्या डब्यांत गजकर्णीची रोपं वाढवली. शेजारणी विचारायच्या, "तुळस का नाही लावत?" मुळं सावलीत वाळवायची, कुटायची, स्पिरिटमध्ये भिजत ठेवायची. मग तो पिवळा अर्क. काचेच्या बशीत आगराची जेली ओतून त्यावर बुरशी पेरायची. ती बुरशी माणसांच्या कातडीवरून आलेली. सरकारी हॉस्पिटलातल्या त्वचारोग विभागाच्या डॉक्टरीणबाई पेशंटची संमती घेऊन नमुने पाठवायच्या. अर्कात बुडवलेली कागदाची चकती मध्ये ठेवायची आणि वाट बघायची. ही बुरशी सावकाश वाढते, आठ-दहा दिवस नुसतं बघत बसायचं.

पहिल्यांदा चकतीभोवती स्वच्छ गोल दिसला तेव्हा मी ओरडले होते. सगळ्या बशीवर पांढरा भुसभुशीत कापूस आणि मध्ये चकतीभोवती काहीही नाही, नुसती पारदर्शक जागा. मी म्हटलं, "बघ! आईचं खरं निघालं! आज गावाला फोन करते."

तू बाहेर गेलीस आणि झाडूवाल्या मावशींच्या बादलीतून वाटीभर फिनेल घेऊन आलीस. दुसऱ्या बशीत तशीच बुरशी, तशीच चकती, पण फिनेलमध्ये बुडवलेली. दहा दिवसांनी तू ती बशी माझ्यासमोर ठेवलीस. फिनेलचा गोल आपल्या गोलापेक्षा मोठा होता.

"लावशील फिनेल अंगाला?" तू विचारलंस.

इतका राग आला होता मला तुझा. माझ्या आईला तू फिनेलच्या पंगतीला बसवलंस असं वाटलं. तीन दिवस मी तुला नुसतं "हो मॅडम, नाही मॅडम" केलं. पण तुझा मुद्दा मनातून जाईना. बशीत बुरशी मारणं सोपं आहे. माणसाला न मारता बुरशी मारायची, खरी मेख तिथे आहे. आणि नेमकं तेच पुढे झालं. तुझ्या ओळखीच्या एका संशोधकाने आपला अर्क माणसाच्या कातडीच्या पेशींवर घालून बघितला. थोडा जास्त झाला की पेशीही मरत होत्या. मी डोक्याला हात लावून बसले, "वाट लागली." तू मात्र त्या दिवशी खुशीत होतीस. "आता कळलं ना काय वेगळं काढायचंय," म्हणालीस. आणि तू बाई त्या उभ्या काचेच्या नळीसमोर वर्षानुवर्षं उभी राहिलीस. अर्क वरून सोडायचा, थेंब थेंब खाली येताना त्यातले घटक वेगवेगळे सुटतात, एकेक भाग वेगळ्या बाटलीत धरायचा, एकेक तपासायचा. त्यातला एक भाग पेशींना कमी छळत होता आणि बुरशीला जास्त. एक. इतक्या वर्षांत.

लोकांना ही गोष्ट सांगता येत नाही गं. त्यांना एक तर चमत्कार हवा असतो नाही तर भोंदूगिरी. तू दोन्हीकडून मार खाल्लास. त्या परिषदेत एका मोठ्या माणसाने तुझं ऐकून झाल्यावर विचारलं होतं, "हे तुम्हाला तुमच्या आजीने सांगितलं का?" सगळे हसले. मी शेवटच्या खुर्चीत होते. तू म्हणालीस, "माझी आजी परभणीत दुसऱ्याच्या शेतात राबायची, तिला हे झाड माहीत नव्हतं. हे रजनीच्या आईने सांगितलं. त्यांचं नाव शोधनिबंधाच्या शेवटच्या पानावर आहे. रजनीचं पहिल्या पानावर. आता प्रश्न बुरशीबद्दल असेल तर विचारा." मग कुणी हसलं नाही.

तो छापील निबंध मी गावाला नेला. आईला इंग्रजी येत नाही, तिने नुसतं नावावर बोट ठेवलं. "माझा नाव असा दिसता?" म्हणाली आणि तो कागद देवाच्या फळीवर ठेवून दिला. वंदना, माझ्या आईच्या नावाचा कागद तुझ्यामुळे झाला. तुला मी कधी थँक्यू म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू "नाटकं बंद कर" म्हणाली असतीस, म्हणून राहून गेलं.

दुसऱ्या बाजूचे लोक तर जास्त गोड बोलायचे. अंधेरीचा तो तेल-मलमवाला आठवतो? चकचकीत बाटली घेऊन आला होता, लेबलसुद्धा तयार. वर लिहिलेलं, शंभर टक्के नैसर्गिक, मुळापासून उच्चाटन. त्याला फक्त तुझं नाव आणि पदवी हवी होती.

"मॅडम, लोकांचा झाडपाल्यावर विश्वास आहे," तो म्हणाला.

"म्हणूनच नाही म्हणतेय," तू म्हणालीस. "विश्वास नसता तर चाललं असतं."

तो गेल्यावर मीच तुझ्याशी भांडले. मला वाटायचं, घेतील लोक, लावतील, काहींना बरं वाटेल, काय बिघडलं? मेडिकलवाल्याच्या त्या ट्यूबपेक्षा तर बरं. तू म्हणालीस, "ट्यूबवालाही असंच म्हणत असेल." आणि मग, "रजे, आपण गरिबांना जे देतो ना, ते तपासलेलं नसलं तरी चालतं असं सगळ्यांनाच वाटतं. मला नाही वाटत."

आता ते सांगते, जे मला सांगायचं नाही.

तुझा ताप उतरेना तेव्हा छातीचा फोटो काढला आणि डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात बुरशी आहे. मी लॅबमध्ये आले, फ्रीजमधली ती एक बाटली काढली, तुझा तो वेगळा काढलेला भाग, नुसता तळाशी उरलेला, आणि पर्समध्ये रुमालात गुंडाळून दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डात घेऊन आले. तुला थंडी वाजून येत होती. सलाइनमधून पिवळसर औषध चाललं होतं आणि तू तीन ब्लँकेटांखाली थडथडत होतीस. केस गेले होते. भुवया गेल्या होत्या. तरी तोंड तेच, खेकसायच्या बेतातलं.

मी बाटली काढून दाखवली. म्हटलं, "थोडंसं. जिभेवर. कुणाला कळणार नाही."

तू आधी बाटलीकडे बघितलंस, मग माझ्याकडे. "वेडी झालीस?"

"तुझंच आहे. इतकी वर्षं घातलीस ना यात?"

"कातडीवरच्या बुरशीवर घातली. ही ती नाही. आणि हे पोटात घेतलं तर काय होतं, कुणाला माहितीये? तुला माहितीये?"

"नाही माहीत. पण हे जे चाललंय त्यानेही उतरत नाहीये."

तू डोळे मिटलेस. दात वाजत होते, तरी बोललीस. "सलाइनमध्ये काय आहे माहितीये? मातीतल्या एका जिवाणूने बनवलेलं आहे ते. कुठूनतरी मूठभर माती उचलली, त्यातून निघालं. तेही निसर्गाचंच. पण कुणीतरी ते आधी तपासलं, मोजलं, किती घातल्यावर किडनी बसते ते बघितलं, म्हणून आज ते माझ्या शिरेत जातंय. माझं अजून तिथे पोचलेलं नाही. तू ते परत फ्रीजमध्ये ठेव."

"आणि तू मेलीस तर?"

"तर मेले. पण बाटली फ्रीजमध्ये ठेव."

मग मी जे बोलले ते मला आयुष्यभर ऐकू येणार आहे. मी म्हणाले, "मर मग तुझ्या नियमांत." आणि उठले.

तू एवढंच म्हणालीस, "जाताना दार लाव. एसी बाहेर जातोय."

दुसऱ्या दिवशी मी आले नाही. रुसले होते. वय काय माझं, रुसायचं? तिसऱ्या दिवशी आले तर तुला आयसीयूत हलवलेलं, तोंडात नळी. मी हातमोजे घालून तुझा हात धरला. तू दाबलास की मला भास झाला, मला माहीत नाही. बहुधा भास. पण तो माझ्याजवळच राहू दे. त्यानंतर दोन दिवसांनी तू गेलीस.

मला लोक सांगतात, तिच्या मनात काही नसेल गं, मैत्रिणींत होतं असं. मला हे सांत्वन नको. मला तुझ्याशी ते भांडण पूर्ण करायचंय. तू बरोबर होतीस, हे मला मान्य आहे. बाटलीने तू वाचली नसतीस, कदाचित लवकर गेली असतीस, हेही मान्य. आणि तरीही मला तुझा राग आहे. एकदा, फक्त एकदा, तू घाबरून माझा हात धरून "दे" म्हणाली असतीस, तर मीच म्हणाले असते, "नाही, हे तपासलेलं नाही." ती संधी तू मला दिली नाहीस. सगळा शहाणपणा एकटीने घेऊन गेलीस.

बाटली फ्रीजमध्येच आहे. ठेवली मी.

तू गेल्यावर आठवड्याभरात तो तेलवाला घाटकोपरला माईकडे पोचला. वर चढून. हातात फळांची पिशवी आणि तुझ्या फोटोची मागणी. मॅडमच्या आठवणीत मलम काढतो म्हणाला, बाटलीवर त्यांचा फोटो, किती मोठा सन्मान. मी तिथेच होते, माईची औषधं द्यायला गेले होते. मी तोंड उघडायच्या आधी माईने पदर मानेवरून खाली केला. तिथे अजून तो काळा डाग आहे, वंदना, इतक्या वर्षांनीही, पुसट पण आहे.

"हे बघा," माई म्हणाली. "माझी मान जळाली तव्हा माझ्या लेकीनं पुस्तक उघडलं. तुम्ही काय उघडलं?"

तो काहीतरी पुटपुटला. माईने फळांची पिशवी त्याच्या हातात परत दिली. "उतरताना जपून. पायऱ्या निसरड्या हायत."

तो गेल्यावर तिने दार लावून घेतलं. मग मला विचारलं, "ते औषध झालं का तिचं?" मी म्हटलं, "नाही, माई. अजून नाही." तिने मान हलवली. "ती पण असंच सांगायची. खोटं बोलायचीच नाही कधी. लहानपणी मार खायची, पण खोटं नाही." आणि मग रडली. मीही. तू गेल्यापासून पहिल्यांदा दोघी एकत्र रडलो, आणि चांगलं अर्धा तास रडलो.

आता आजचं सांगते.

तू अ‍ॅडमिट असताना फोनवर मला नऊ नंबर सांगितले होतेस. नऊ पेशंटांच्या कातडीवरची बुरशी, जिच्यावर गोळ्यांचा असर कमी झालाय अशी. त्या नऊंवर तुझा तो वेगळा काढलेला भाग लावून बघायचा होता. तुझ्या अंत्यसंस्कारानंतर चौथ्या दिवशी मी कामावर आले. विभागप्रमुख म्हणाले, "सुट्टी घ्या. आणि तो फ्रीज आता रिकामा करायला हवा, बघणारं कुणी नाही." मी म्हटलं, "मी आहे बघणारी." ते म्हणाले, "तुम्ही असिस्टंट आहात." मी हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि तो विभागप्रमुखांच्या हातात दिला. ते काय बोलले मला माहीत नाही, पण फ्रीज राहिला. महिन्याची मुदत दिलीय. महिन्याने बघू.

मी नऊ बशा लावल्या. त्याच पद्धतीने, त्याच हाताने; वर पूर्वी तुझं नाव असायचं, या वेळी नुसते नंबर. तुलनेसाठी बाजूला साध्या स्पिरिटची चकती, दुसरीकडे गोळीतल्या औषधाची. आज सकाळी उघडल्या. पाच बशांमध्ये गोल होता, छान, ठसठशीत. चारमध्ये काहीही नाही, गोळीच्या औषधाभोवतीही नाही. बुरशी सरळ चकतीवर चढून बसली होती, कापसाने झाकून टाकली होती ती. त्या चार बशांकडे बघत मी स्टुलावर बसले आणि तुला शिव्या दिल्या, त्या बुरशीला दिल्या, स्वतःला दिल्या. इतक्या वर्षांचं काम, आणि ज्या चार जणांना सगळ्यात जास्त गरज होती, तिथेच नाही.

तेवढ्यात आपल्या विभागातल्या एक बाई आल्या, तुझ्या स्मरणार्थ अंक काढतायत ना, त्या. चांगल्या आहेत, तुझ्यावर जीव होता त्यांचा. त्यांनी बशा बघितल्या. चष्मा काढला. म्हणाल्या, "रजनी, त्या चार राहू देत ना. पाच लिहूया. पाच बशांचे फोटो टाकू. खोटं नाही होणार ते, पाच आहेतच की. तिच्यासाठी म्हणते मी."

मी म्हटलं, "बाई, तिच्यासाठीच म्हणते, नऊ लिहायचे."

"लोक म्हणतील फसलं."

"म्हणू देत. चारवर फसलं तर चारवर फसलं."

त्यांनी चष्मा परत घातला. मग म्हणाल्या, "बरं. नऊ."

डॉक्टरीणबाईंना निकाल कळवला. मला वाटलं त्या हिरमुसतील. त्या म्हणाल्या, "ते चार नमुने घेऊन या उद्या. मला तेच हवे आहेत. ते का मरत नाहीत ते कळलं तर पुढचं काही करता येईल."

मग मी आपली वही उघडली. आजवर मी फक्त मापं लिहायचे, निकाल तू लिहायचीस, सही तू करायचीस. मी नऊ ओळी आखल्या. पाच ठिकाणी गोलाचं माप लिहिलं. चार ठिकाणी लिहिलं, "परिणाम नाही." शाईने लिहिलं, पेन्सिलीने नाही, म्हणजे कुणाला खोडता येऊ नये. मग सहीच्या जागेवर मी माझं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, आईने शाळेत घातलं होतं तसं पूर्ण.

उद्या त्या चार बुरशींच्या नळ्या घेऊन मी हॉस्पिटलात जातेय.